स्पर्धा हवी, पण खेळीमेळीची!

सोमवारी सकाळी मी दवाखाना उघडायला गेलो तेव्हा अण्णा आधीच पायरीवर बसलेले होते. अण्णा माझे वीस वर्षांचे पेशंट. बँकेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. रक्तदाबाचा त्रास जुना, पण गोळी नियमित, खाणे बेताचे, रोज सकाळी तीन किलोमीटर चालणे. दर महिन्याला येतात, रक्तदाब मोजून घेतात आणि "पास झालो ना डॉक्टर?" असे विचारून हसत जातात. त्या दिवशी मात्र चेहरा ओढलेला होता.

"डोकं जड झालंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही," अण्णा म्हणाले.

त्यांना पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजला. वरचा १७२, खालचा ९८. पुन्हा मोजला, फारसा फरक नाही. मी विचारले, "गोळी घेतली होती?" अण्णांनी मान खाली घातली. "काल रात्रीची राहून गेली." "का बरं?" यावर ते जे म्हणाले ते ऐकून मान खाली घालायची पाळी माझ्यावर आली.

"तुमचंच ते नऊ वाजताचं सामान्यज्ञान! हॉकीचा गुण माझा होता. तुम्ही तो साडेदहाला काढून घेतलात आणि माझा पहिला नंबर गेला. मग एक वाजेपर्यंत वाद. गोळी कुठली आठवणार?"

वाचकहो, या सदरात मी आजवर आपल्या चुका दाखवत आलो. जास्त मीठ खाऊ नका, तंबाखू सोडा, गोळी चुकवू नका. आज माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिच्यातून मला जे कळले ते आपल्या गावागावांतल्या ज्येष्ठ नागरिक संघांना, महिला मंडळांना आणि शाळांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

सुरुवात कशी झाली?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आमच्या गावातल्या ज्येष्ठांची नदीकाठची सकाळची बैठक बंद पडली. मुले पुण्या-मुंबईला अडकलेली, घरी दोघेच किंवा एकटेच. दिवसाला दहा फोन मला यायचे. त्यातले आठ आजाराचे नसायचेच, कुणाशी तरी बोलायचे असायचे. तेव्हा मी सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट केला आणि रोज सकाळी त्यावर एक प्रश्न टाकू लागलो. महाराष्ट्राचे राज्यफूल कोणते? बोरीबंदरहून पहिली आगगाडी कोणत्या गावापर्यंत धावली? १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात जिल्हे किती होते? उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गुण नाहीत, नंबर नाहीत. उत्तर काय असेल म्हणून लोक एकमेकांना फोन करत. जिल्हे किती याचा घोळ तर दोन दिवस चालला, कारण १९६० साली सव्वीस होते, आज छत्तीस आहेत आणि मधले दहा कधी कधी झाले यावर प्रत्येकाची आठवण वेगळी. शेवटचा पालघर, २०१४ सालचा, एवढ्यावर सर्वांचे एकमत झाले.

ही कल्पना काही माझ्या एकट्याची नव्हती. त्याच मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात जे फ्लिन नावाच्या गृहस्थाने असेच केले. पूर्वी त्याचा पब होता. तिकडे अशा ठिकाणी संध्याकाळी लोक गप्पा मारायला जमतात आणि आठवड्यातून एकदा सामान्यज्ञानाची स्पर्धाही होते. ते सगळे बंद पडल्यावर ओळखीच्या लोकांसाठी म्हणून त्याने इंटरनेटवर स्पर्धा जाहीर केली. ती फक्त ओळखीच्यांपुरती ठेवायची खूण करायला तो विसरला आणि लाखो अनोळखी लोकांनी नावे नोंदवली! विशेष म्हणजे हा माणूस एके काळी बेघर होता, लंडनला थेम्स नदीच्या काठी बाकावर झोपून त्याने दोन वर्षे काढली होती. एकटेपणा म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. तिथल्या पबमधली दारू सोडली, तर बाकी सारे आपण घेण्यासारखेच आहे.

आपल्यालाही हा खेळ नवा नाही. रेडिओवर अमीन सयानींच्या आवाजातली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट ऐकत आमची पिढी मोठी झाली. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला. ३ जुलै २००० पासून 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि घराघरांत आजीपासून नातवापर्यंत सगळे एका कोचावर बसून उत्तरे ओरडू लागले. उत्तर आले की मनाला उभारी येते, मग ते आपल्याच घरात बसून का दिलेले असेना.

माझे कुठे चुकले?

टाळेबंदी उठली. बैठक पुन्हा भरू लागली, पण गटही चालू राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात आले की आता हे जरा शिस्तीत, मोठ्या प्रमाणावर करू. दर रविवारी रात्री नऊ वाजता वीस प्रश्न. प्रत्येकाला वीस सेकंद. जो आधी उत्तर टाकील त्याला जादा गुण. रात्री दहा वाजता सगळ्यांची नावे क्रमवार, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. वर्षअखेर पहिल्या नंबराला भिंतीवरचे मोठे घड्याळ. मला वाटले, लोकांचा उत्साह वाढेल. पहिले दोन महिने वाढलाही. मग एकेक जण गळू लागला. सुरुवातीला चाळिसाच्या वर लोक होते, ते वर्षभरात जेमतेम पंधरा उरले. उरले ते बहुतेक अण्णा आणि गुरुजींसारखे जिंकणारे.

त्या हॉकीच्या रविवारी प्रश्न होता, भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? माझ्या कागदावर उत्तर होते हॉकी. अण्णांनी तेच दिले, मी गुण दिला. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींनी लिहिले, 'कोणताच नाही.' मी ते चूक धरले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "२०१२ साली माहितीच्या अधिकारात एका शाळकरी मुलीने सरकारला हेच विचारले होते. कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, असे क्रीडा मंत्रालयाचे उत्तर आहे." मी शोधले. गुरुजींचे खरे होते. मग मी इकडचा गुण तिकडे केला आणि तीस वर्षांच्या दोन मित्रांचे बोलणे बंद झाले.

अण्णांचा रक्तदाब दोन दिवसांत ताळ्यावर आला. एका रात्रीच्या संतापाने कुणाला रक्तदाबाचा आजार जडत नाही. पण चुकलेली गोळी, बुडालेली झोप आणि मनात घोळणारा अपमान ही तिन्ही एकत्र आली की साठी ओलांडलेल्या माणसाला ती परवडत नाहीत. आणि ही तिन्ही मीच त्यांना दर रविवारी रात्री नऊ वाजता घरपोच देत होतो!

त्यानंतर मी गळालेल्या प्रत्येकाला फोन केला. एका काकांचा हात थरथरतो. वीस सेकंदांत त्यांचे एक अक्षरही उमटत नसे, पण उत्तरे मात्र सगळी पाठ. एका मावशींचे मोतीबिंदू पिकले होते, प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपायची. एक गृहस्थ म्हणाले, "दर रविवारी सुनेसमोर आपलं नाव यादीत शेवटचं. कशाला ती शोभा?" आणि चौथी इयत्ता शिकलेल्या एक आजी म्हणाल्या, "क्रिकेट आणि राजधान्या. आमच्यासाठी त्यात काय होतं, डॉक्टर?"

यांपैकी एकालाही सामान्यज्ञान कमी होते म्हणून तो गेला नव्हता. माझ्या नियमांनी त्यांना घालवले होते.

प्रश्नोत्तरांनी मेंदूला काय मिळते?

"सामान्यज्ञानाने स्मरणशक्ती वाढते का, विस्मरणाचा आजार टळतो का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हवे.

वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते आठवून पाहिले तर अधिक काळ लक्षात राहते, हे नक्की. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त येत होते. म्हणजे 'अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही' म्हणून आपण डोके खाजवतो, ते खाजवणे वाया जात नाही. लगेच मोबाईलमध्ये शोधले की तो व्यायाम बुडाला.

पण यापुढे जाऊन कुणी म्हणेल की रोज वीस प्रश्न सोडवा आणि विस्मरण कायमचे टाळा, तर त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्या २,८३२ लोकांवर मेंदूच्या व्यायामाचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांना ज्या गोष्टीचा सराव दिला, त्या गोष्टीत ते सुधारले, पण स्मरणाचा सराव केला म्हणून तर्क सुधारला असे झाले नाही. मेंदूच्या खेळांनी वार्धक्यातले विस्मरण टळते अशा जाहिराती करणाऱ्या लुमॉसिटी या खेळाच्या कंपनीला २०१६ साली तिथल्या सरकारी यंत्रणेशी झालेल्या तडजोडीत वीस लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. राजधान्या पाठ असल्या की राजधान्याच पाठ असतात. चष्मा कुठे ठेवला ते त्याने आठवेलच असे नाही.

मग फायदा कशाचा? माझ्या मते खरे औषध प्रश्नात नसून प्रश्नाच्या निमित्ताने झालेल्या फोनमध्ये आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली विस्मरणाच्या आजाराची चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अपुरे शिक्षण, बहिरेपणा, कमी दिसणे, व्यायामाचा अभाव, नैराश्य अशा त्या यादीत समाजापासून तुटणे हेही एक कारण आहे. ही चौदाही कारणे दूर करता आली, तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. त्याआधी २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होती. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने त्रस्त आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटले आहे.

आता माझ्या नऊ वाजताच्या स्पर्धेकडे पाहा. वीस सेकंदांत कुणी कुणाला फोन करू शकत नव्हते. बायकोला विचारायलाही सवड नव्हती. औषधातले औषध काढून टाकून मी नुसती बाटली वाटत होतो!

आम्ही नियम बदलले

अण्णा आणि गुरुजी यांना एकाच दिवशी चहाला बोलावले. चूक माझी आहे, हे दोघांसमोर कबूल केले. मग तिघांनी बसून नवे नियम केले. ते चार वर्षांपासून चालू आहेत. कुणाला असा उपक्रम सुरू करायचा असेल, तर उपयोगी पडतील म्हणून देतो.

पहिला नियम, घड्याळ नाही. रविवारी सकाळी आठ वाजता दहा प्रश्न जातात, संध्याकाळी सहापर्यंत उत्तरे घेतात. सातनंतर गटावर काही नाही. रात्र झोपेसाठी आहे.

दुसरा, एकट्याने खेळायचे नाही. चौघांचा एक संघ. संघ चिठ्ठ्या टाकून करतात आणि दर तीन महिन्यांनी बदलतात. निदान एक स्त्री आणि एक पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस प्रत्येक संघात हवाच. चौघांचे बोलणे झाल्याशिवाय उत्तर पाठवायचे नाही. गुण संघाला, माणसाला नाही.

तिसरा, मोबाईलमध्ये शोधायचे नाही, माणसाला मात्र विचारायचे. नातवाला विचारा, दूधवाल्याला विचारा, माहेरी फोन लावा. कुणी चोरून शोधले तर कळणार कसे, असे काही जण विचारतात. कळणार नाही. घड्याळाचे बक्षीस होते तेव्हा लोक शोधायचे. आता चोरी करून मिळवायचे काय, तर इतरांशी बोलायची संधी गमवायची!

चौथा, प्रश्न सगळ्यांचे. दहापैकी चार सोपे, चार मध्यम, दोन कठीण. इतिहास-भूगोल असतोच, पण शेती, स्वयंपाक, सणवार, जुनी गाणी, औषधी झाडे हेही असते. दर रविवारी वेगळा संघ प्रश्न काढतो. उत्तराला छापील आधार हवा, मोबाईलवर फिरत आलेली माहिती चालत नाही. प्रश्न चुकला तर पंचाने गटावर तसे सांगायचे आणि त्या प्रश्नाचा गुण सर्वांना द्यायचा. कुणाचा दिलेला गुण काढून घ्यायचा नाही. हा नियम अण्णांचा आहे.

पाचवा, ज्याला लिहिणे जमत नाही त्याने बोलून उत्तर पाठवावे. ज्याला वाचता येत नाही त्याला संघातल्या कुणीतरी फोनवर प्रश्न वाचून दाखवावा. कर्कश आवाजात मोठ्याने ओरडून नव्हे, सावकाश आणि स्पष्ट.

सहावा, पैसे नाहीत. प्रवेशशुल्क नाही, रोख बक्षीस नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. जिंकणाऱ्या संघाला आम्ही महिन्याच्या शेवटी वाचनालयाच्या खोलीत भेटतो तेव्हा पहिला चहा मिळतो. तो चहा हरलेल्या संघाने आणून द्यायचा. या भेटीशिवाय सगळे व्यर्थ आहे. मोबाईल हा निरोप्या, भेट ही खरी.

या नियमांनंतरच्या पहिल्याच महिन्यात एक प्रश्न आला. 'म्हातारा पाऊस' कोणत्या नक्षत्राचा? गुरुजींना येईना, अण्णांना येईना, मला तर नाहीच. एवढ्यात त्या चौथी शिकलेल्या आजींचा आवाज गटावर आला. त्यांनी नक्षत्र सांगितले, त्याच्या आधीच्या 'तरण्या' पावसाचे सांगितले आणि मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊच्या नऊ नक्षत्रे एका दमात म्हणून दाखवली. शेवटी म्हणाल्या, "बरोबर आहे का गुरुजी?" गुरुजींनी उत्तर लिहिले, "आजी, आज तुम्ही गुरुजी."

आजींचा मुलगा नंतर मला भेटला. म्हणाला, "आई वर्षभरात एवढं कधी बोलली नव्हती."

गप्प झालेल्या माणसाकडे लक्ष द्या

खेळीमेळीच्या स्पर्धेचा आणखी एक उपयोग मला उशिरा कळला. कोण पुढे आहे यापेक्षा कोण गप्प झाले, याकडे लक्ष जाऊ लागले. वय वाढले की नावे चटकन आठवत नाहीत, हे स्वाभाविक आहे. थोड्या वेळाने आठवतात, कुणी आठवण करून दिली की 'हो हो' होते. त्याची भीती बाळगू नये. पण तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न लागणे, नेहमीची भाजी करताना पायऱ्या विसरणे, स्वभाव एकदम बदलणे हे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना विस्मरणाचा आजार असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. मात्र प्रत्येक विसरणे म्हणजे तो आजार नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा दोष, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कानात साचलेला मळ या कारणांनीही माणूस विसराळू किंवा गप्प होतो, आणि यांवर उपाय आहे. आमच्या एका काकांच्या कानांतला मळ काढला, बी-१२ ची इंजेक्शने दिली आणि दोन महिन्यांत ते पुन्हा वाद घालू लागले.

दुसऱ्या एका गृहस्थांच्या बाबतीत तसे झाले नाही. सर्व्हेअर म्हणून सारा जिल्हा पायी तुडवलेला माणूस. प्रश्नाचे उत्तर देऊन झाल्यावर पुन्हा तेच उत्तर देऊ लागले. कुणीतरी हसण्याचे चित्र टाकले. मी त्याला फोन करून झापले आणि त्यांच्या मुलाला बोलावून घेतले. तपासण्या झाल्या. अल्झायमरची सुरुवात होती. औषधाने त्याची गती थोडी सावरते इतकेच, आजार जात नाही. हे घरच्यांना मी स्पष्ट सांगितले.

त्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबांचं नाव काढून टाका डॉक्टर. त्यांच्यामुळे संघाचे गुण जातात." मी त्यांच्या संघातल्या तिघांना विचारले. त्यातले एक होते अण्णा, पहिल्या नंबरासाठी रात्रभर जागलेले. अण्णा म्हणाले, "त्यांचं नाव राहू द्या. गुण गेले तर गेले." आजही दर रविवारी सकाळी अण्णा त्यांच्या घरी जातात, शेजारी बसून प्रश्न वाचतात. कधी उत्तर येते, कधी येत नाही. जिल्ह्यातल्या नद्या आणि डोंगर अजून बरोबर येतात. परवा नाष्टा केला की नाही ते त्यांना आठवत नव्हते, पण नदीला मिळणारे दोन ओढे कुठे मिळतात ते त्यांनी बोटाने चादरीवर काढून दाखवले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "रविवारी ते आंघोळ करून, शर्ट घालून वाट बघत बसतात. कुणाची ते सांगता येत नाही, पण बसतात."

काही आक्षेप

या पद्धतीवर टीका करणारेही आहेत. "नंबर नाही, बक्षीस नाही, मग चुरस ती काय?" असे विचारतात. चुरस आहे हो! चहा कोणी कोणाला आणून द्यायचा यावर आमच्याकडे जी घासाघीस होते, ती पाहायला या. गंमत चुरशीत असते, फजितीत नसते. हरणाऱ्याला पुढच्या रविवारी यावेसे वाटले पाहिजे, ही माझी एकच कसोटी. शाळांच्या गुरुजनांनाही हेच सांगेन. ज्या स्पर्धेनंतर एकच मूल हसत घरी जाते आणि बाकीचे एकोणचाळीस मान खाली घालून जातात, तिला ज्ञानवर्धक म्हणताना जरा विचार करावा.

दुसरा आक्षेप असा की आधीच लोक मोबाईलला चिकटलेले, त्यात डॉक्टरच त्यांच्या हाती तो देतात. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून तर दहाच प्रश्न, आठवड्यातून एकदाच, आणि गटावर दुसरे काही टाकायला बंदी. शुभसकाळची फुलेसुद्धा नाहीत.

एक इशारा मात्र जरूर देतो. 'करोडपतीमध्ये तुम्हाला पंचवीस लाखांचे बक्षीस लागले आहे' असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि बक्षीस सोडवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगतात. ती फसवणूक आहे. पैसे देऊ नका, बँकेचा आकडा किंवा ओटीपी सांगू नका. फसगत झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. खऱ्या बक्षिसासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत, हे सामान्यज्ञान सर्वांत आधी पाठ करावे.

असो. अण्णांचा गेल्या महिन्यातला रक्तदाब १३० आणि ८० होता. "पास झालो ना?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. गुरुजींशी बोलणे केव्हाच सुरू झाले आहे, आता दोघे मिळून माझ्या प्रश्नांतल्या चुका काढतात.

म्हातारा पाऊस कोणत्या नक्षत्राचा आणि तरणा कोणत्या, याचे उत्तर मी मुद्दाम इथे दिलेले नाही. कृपा करून मोबाईलमध्ये शोधू नका. घरात कुणी वडीलधारे असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. घरात कुणी नसेल तर शेजारच्या आजींना विचारा. उत्तर मिळायला पाच मिनिटे लागतील आणि तुम्ही तिथून तासाभराने उठाल.